दहा मिनिटं पुढे

यादीत त्या दिवशी अकरा डब्या होत्या.

शलाका खराडे दर बुधवारी सकाळी दहा वाजता ही यादी काढत असे. मिरजेच्या स्मरण-सेवा केंद्रात तिला सात वर्षं झाली होती. ज्या डब्यांचे ‘उरलेले प्रवेश’ दहाच्या खाली आले असतील त्यांचे फक्त क्रमांक पडद्यावर येत. क्रमांकावरून पत्ता काढायचा, घरी फोन लावायचा आणि विचारायचं, “आजी, उशाजवळच्या डबीची वायर कुणी काढलीय का?” बहुतेक वेळा काढलेलीच असे. कुणी मोबाइल लावायला, कुणी डास मारायचं यंत्र लावायला.

सातवी ओळ वेगळी होती. डबी क्रमांक ४१७. प्रवेश नामंजूर, सलग दोनशे एक्केचाळीस दिवस. कारण: वेळेत तफावत, दहा मिनिटं. उरलेले प्रवेश: नऊ.

वायर काढलेली नव्हती, लाइनही चालू होती. डबी रोज पहाटे पाच चाळीसला इमानेइतबारे दार ठोठावत होती आणि सर्व्हर तिला रोज परत पाठवत होता. शलाकाने पत्ता मागवला. सांगली, विश्रामबाग, गल्ली नंबर तीन. तो तिच्या आईवडिलांचा पत्ता होता.

कर्मचाऱ्याला स्वतःच्या नातलगाच्या डबीचा क्रमांक सांगायचा नाही, असा केंद्राचा नियम होता. तिने खुर्ची मागे सरकवली, उठून पाणी प्यायली आणि पुन्हा येऊन तोच पत्ता वाचला.

शलाका पहिल्यांदा नोकरीला लागली तेव्हा माणसाच्या कानामागे तार बसवायची पद्धत सुरू झाली नव्हती. ती एका साखर कारखान्याच्या कचेरीत दीडशे संगणक सांभाळत असे. कारकून सकाळी येऊन पासवर्ड टाकायचा. तो पासवर्ड तारेवरून कुठेच जात नसे, हीच त्यातली खुबी होती. सर्व्हर एक कोडं पाठवी, आणि खरा पासवर्ड ज्याच्याकडे असेल त्यालाच ते सुटे. उत्तर जुळलं की सर्व्हर त्या दिवसापुरता पास देई. प्रत्येक पासावर वेळ घातलेली असे, म्हणजे वाटेत कुणी तो उचलून ठेवला आणि नंतर दाखवला तर लगेच पकडला जाई. त्यासाठी दोन्हीकडची घड्याळं जुळलेली लागत. पाच मिनिटांपर्यंतचा फरक माफ, त्यापुढे नाही.

ओळख पटली की स्क्रिप्ट चाले. स्क्रिप्ट म्हणजे ओळींची यादी: हा माणूस ऊस विभागातला, याला त्या विभागाची कपाटं उघडून दे, खिडकीजवळचा प्रिंटर जोड, आजची सूचना दाखव. कारकुनाला यातलं काही दिसत नसे. संगणक सुरू व्हायला जरा वेळ लागतो, एवढंच त्याला वाटे. पडदा उजळेपर्यंत त्याचं सगळं जग त्याच्यासमोर मांडून झालेलं असे.

स्मरण-सेवा केंद्रात तेच चाले, फक्त संगणकाच्या जागी माणूस असे. काही आजारांत जुन्या आठवणी शाबूत राहतात, पण नवं काही टिकत नाही. दिवसभराचं सगळं रात्रीच्या झोपेत पुसलं जातं. शलाकाच्या अण्णांना चार वर्षांपूर्वी मेंदूज्वर झाला, त्यातून ते वाचले आणि असे झाले. जागं होण्याच्या सुमारास मेंदूत तीन-चार मिनिटांची एक फट असते. त्या वेळात कानामागच्या तारेतून जे आत सोडावं ते माणसाला ऐकल्यासारखं वाटत नाही, आपल्याला आधीपासून ठाऊकच होतं असं वाटतं. उशाजवळची डबी माणूस जागा होण्याच्या खुणा टिपते, मिरजेला ओळख पटवते, आणि त्या दिवसाची स्क्रिप्ट आणून चालवते. आधी नाव आणि वय, मग घर, मग माणसं. हा क्रम बदलता येत नाही. स्वतःचं नाव सापडलेलं नसताना कोण हयात आहे आणि कोण नाही, हे माणसाला कळून उपयोग नसतो.

घरोघरी या प्रकाराला ‘उजळणी’ म्हणत.

ओळख पटली नाही तर डबी माणसाला रिकामं उठू देत नाही. शेवटच्या वेळी आलेली स्क्रिप्ट तिच्याजवळ जपून ठेवलेली असते, तीच ती चालवते. मात्र असं सलग अडीचशे वेळाच. त्यानंतर आपण भलत्याच हातात पडलो आहोत असं ती धरून चालते आणि तार कायमची बंद करते. ती पुन्हा जोडायची म्हणजे कवटी उघडावी लागते, आणि सत्तरीनंतर कुठलाही डॉक्टर त्याला हात लावत नाही. अण्णा सत्त्याहत्तर वर्षांचे होते.

शलाकाने बोटांवर मोजलं. दोनशे एक्केचाळीस दिवस मागे गेलं की तीस जून येत होता. सतरा जूनला तन्मय गेला, तिचा धाकटा भाऊ. जतच्या पठारावर पवनचक्कीच्या दुरुस्तीला चढला होता, तिथून पडला. तेरावा झाला त्या दिवशी केंद्राची मंजुरी आली आणि अण्णांच्या स्क्रिप्टमधली ‘तन्मय जतला असतो, दर रविवारी सकाळी फोन करतो’ ही ओळ काढून तिथे नवी ओळ घातली गेली. तिचा मसुदा शलाकानेच दिला होता. ती ओळ तीस जूनच्या पहाटे पहिल्यांदा चालायची होती.

ती कधी चाललीच नव्हती.

*

केंद्रातल्या डॉक्टर आरिफ मुजावरांनी चष्मा कपाळावर सरकवून पडद्याकडे पाहिलं.

“आमच्याकडे तर रोज हिरवा दिवा होता. स्क्रिप्ट चालली, स्क्रिप्ट चालली.”

“चालतच होती, सर. पण जुनी. नवी की जुनी ते तुमच्या तक्त्यात येतच नाही.”

“आणि मी तुला सांगत बसलो की तुझ्या वडिलांच्या मनात ओळ रुजत नाहीये.” त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “शलाका, डबीचं घड्याळ बाहेरून लावता येत नाही.”

“माहीत आहे. बाहेरून लावता आलं तर वेळ तपासण्यात अर्थच काय राहिला?”

“मग ते घरातल्या कुणीतरी पुढे केलंय.”

मुजावरांनी तन्मयची ओळ उघडली. मृत्यूच्या प्रत्येक ओळीपुढे एक आकडा असतो, त्याला ते ओळीचं वय म्हणत. शून्य असेल तर माणूस बातमी नुकतीच ऐकल्यासारखा उठतो. म्हणून सर्व्हर तो आकडा रोज एकाने वाढवतो. महिन्याभराने ओळ चालते तेव्हा माणूस महिन्याभराचं दुःख घेऊन उठतो, वर्षाने वर्षाचं. अण्णा ती ओळ न पाहताच राहिले, तरी इथे आकडा वाढत गेला होता. दोनशे त्रेपन्न.

“घड्याळ बरोबर केलं की ते उठतील तेव्हा त्यांना हे आठ महिन्यांपूर्वीचं वाटेल,” मुजावर म्हणाले. “त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. आणि अजून एक. आपण खोटी ओळ लिहीत नाही. पण एखादी खरी ओळ लिहू नका म्हणून घरच्यांनी सांगितलं, तर तशी सोय आहे. तुझी आणि आईची, दोघींची सही लागेल.”

*

दुपारी ती सांगलीला पोचली तेव्हा अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. भगवानराव खराडे एसटीत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते, त्यातली शेवटची बारा सांगली स्थानकावर. तिला फाटकात पाहताच त्यांनी मूठ तोंडासमोर धरली.

“मिरजहून येणारी शलाका फलाट क्रमांक एकवर लागत आहे. अर्धा तास उशिरा.”

“अण्णा, तुमचं घड्याळ पुढे आहे.”

“ते दहाच मिनिटं पुढे आहे. उरलेली वीस तुझी.” ते स्वतःच हसले. मग नेहमीचा प्रश्न आला. “तन्याचा फोन आला का गं तुला?”

“नाही अण्णा,” ती म्हणाली. आठ महिने ती एवढंच म्हणत आली होती. यात खोटं काही नव्हतं, त्यामुळे ते म्हणता यायचं.

आई स्वयंपाकघरात सोलाणे सोलत बसली होती. शलाका समोर बसली, तिनेही हरभऱ्याची एक डहाळी ओढली.

“आई, डबीचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे.”

“असेल.”

“कुणी केलं?”

“कोण करणार? तुझे अण्णा. रोज संध्याकाळी घरातली सगळी घड्याळं भिंतीवरच्या घड्याळाला जुळवतात. गाडी सुटल्यावर बोंबलत येणारी माणसं आयुष्यभर पाहिलीत त्यांनी. भिंतीवरचं आमच्या लग्नापासून दहा मिनिटं पुढे आहे, तुला काय ते नवीन?”

“आणि झोपायच्या आधी तू डबीचं मागे घ्यायचीस. डबी बसवायला आलेल्या माणसाने तुला बजावलं होतं.”

“घ्यायची.” आईने सोललेले दाणे वाटीत टाकले. “मी काही केलं नाही, शलू. फक्त मागे घ्यायचं सोडलं.”

शलाका तिच्या हातांकडे पाहत राहिली. हात थांबले नव्हते.

“डबी बसवली त्याच्या दुसऱ्या दिवाळीत एकदा मागे घ्यायचं विसरले होते,” आई म्हणाली. “तुझी कोल्हापूरची मावशी आदल्या दिवशी परत गेली होती. हे सकाळी उठून खोल्याखोल्यांतून तिला शोधत फिरले, चहा निवतोय म्हणून. मी फोन केला तर तो माणूस म्हणाला, काकू, घड्याळ पुढे गेलं की नवं येत नाही, कालचंच वाजतं. तेवढं लक्षात राहिलं माझ्या. बाकी तुमचं सर्व्हर-बिर्व्हर मला कळत नाही.”

“पण आई, ओळ कशासाठी घालायची ते मी तुला समजावलं होतं. त्यांना रोज नव्याने कळू नये म्हणूनच...”

“समजावलं होतंस. तेरा दिवस गेल्यावर.” आईचा आवाज चढला नाही. “तू मिरजेहून आठला यायचीस. पावणेसहा ते आठ मी एकटी होते त्यांच्यापाशी. उठून बाहेर यायचे, हॉलभर माणसं झोपलेली बघायचे, आणि मला बाजूला घेऊन विचारायचे, काय गं, तन्याचं लग्न ठरलं का? बारा सकाळी, शलू. रोज खूश होऊन विचारायचे. रोज मी सांगायची. एकदा तुझ्या काकाने सांगितलं, तर त्याच्या अंगावर धावून गेले. तेराव्या दिवशी तू म्हणालीस, आता उद्यापासून डबी सांगेल. मला वाटलं, सांगायचंच आहे तर आज नको, उद्या सांगेल. रात्री घड्याळापाशी गेले आणि तशीच परत आले. सकाळी उठले ते चांगले उठले. मग परत उद्या, परत उद्या.”

बाहेरून अण्णांचा खाकरण्याचा आवाज आला. दोघी थांबल्या. मग शलाकाने तिला अडीचशेचा हिशेब सांगितला. नऊ सकाळी उरल्यात. त्यानंतर तार बंद. अण्णा उठतील तेव्हा त्यांना आजारानंतरचं काहीच ठाऊक नसेल. आपण आजारी होतो, हेही नाही. रोज सकाळी चपला शोधतील, चार वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी कामाला निघायला.

आईने सगळं ऐकून घेतलं.

“ती ओळच काढून टाकता येत नाही?”

“येते. दोघींची सही लागते.”

“माझी घे.”

“मी करणार नाही.”

“का?”

नियमाची, तत्त्वाची पुष्कळ उत्तरं होती, ती सगळी शलाकाने बाजूला ठेवली. “आई, आठ महिने झाले, या घरात मला एकदाही तन्मय ‘होता’ असं म्हणता आलेलं नाही. त्याचा फोटो तू कपाटात ठेवलायस. मी येते, अण्णा विचारतात, मी नाही म्हणते आणि परत जाते. मला रडायलासुद्धा मिरजेला जावं लागतं.”

“मला तर मिरजपण नाही,” आई म्हणाली.

मग आईने पदराने हात पुसले.

“नऊ आहेत ना? मग आठ दे मला.”

“वीज गेली, लाइन पडली, तर हाताशी काही नको? चार.”

“मंडईत आलीयस का घासाघीस करायला? सात.”

“पाच.”

“रविवार धरून?”

शलाकाने मनात दिवस मोजले. “रविवार धरून. सहा घे. मंगळवारी संध्याकाळी मी येईन.”

आईने मान हलवली आणि वाटी उचलून ओट्यापाशी गेली.

*

मंगळवारपर्यंत थांबणं शलाकाला जमलं नाही. शनिवारीच ती सांगलीला राहायला आली. रविवारी पहाटे पाच चाळीसला ती अण्णांच्या खोलीच्या दाराशी उभी होती. डबीवरचा पिवळा दिवा लागला, म्हणजे सर्व्हरने नाकारलं होतं. मग तो लुकलुकू लागला, म्हणजे जुनी स्क्रिप्ट चालली होती. अण्णांनी डोळे उघडले, कुशीवर वळले, उशाखालचा चष्मा लावला.

“आज रविवार. तन्याचा फोन यायचा असेल.”

“येऊन गेला,” आई चहाचा कप घेऊन आत आली. “लवकर केला होता आज. तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.”

“उठवायचं ना! काय म्हणत होता?”

“मधुराच्या आईला घरी आणलं म्हणे दवाखान्यातून. आता बरं आहे त्यांना.”

“मधुरा कोण?”

“अहो, तुमची होणारी सून.” आईने कप त्यांच्या हातात दिला. “कवठेमहांकाळची आहे. शाळेत गणित शिकवते. तन्याने स्वतः बघितली, गणपतीत सांगितलंन आपल्याला. दिवाळीत येऊन गेली की घरी. तुम्हीच तिला स्टँडवर सोडायला निघाला होतात.”

अण्णांचा चेहरा उजळला. कप खाली ठेवून ते हसत सुटले. “गणित शिकवते! मग आपल्या ठोंब्याचं काय होणार?”

“पदोन्नती झालीय ठोंब्याची. आता वर चढावं लागत नाही त्याला. खाली ऑफिसात बसतो.”

शलाकाने दाराची चौकट धरली. आई रोज तीच गोष्ट सांगत असेल, असं तिने धरलं होतं. अण्णा सगळं विसरतात, तर रोज तेच सांगून भागलं असतं. पण आईने गोष्ट पुढे नेली होती. गणपती, दिवाळी, मधुराच्या आईचं आजारपण, सगळं क्रमाने, एकेक दिवस. अण्णांचा तन्मय रोज सकाळी एकोणतीस जूनलाच असायचा. आईचा तन्मय आठ महिन्यांनी मोठा झाला होता. त्याला तिने पवनचक्कीवरून खाली उतरवलं होतं.

नंतर स्वयंपाकघरात आई पोह्यांवर पाणी मारत सहज बोलून गेली, “साखरपुडा चैत्रात धरलाय.”

“कुणी धरलाय, आई?”

आईने चाळणी हलवली, पाणी निथळू दिलं.

*

मंगळवारी संध्याकाळी जेवणं लवकर आटोपली. अण्णांनी सवयीने डबीचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, समाधानाने मान डोलावली आणि दात घासायला मोरीत गेले.

“तू घेतेस की मी घेऊ?” शलाकाने विचारलं.

“तूच घे. मी तीन वर्षं घेतलं.”

डबीवर घड्याळ पुढे न्यायचं आणि मागे न्यायचं अशी दोन बटणं होती. मागचं एकदा दाबलं की एक मिनिट मागे जाई आणि बारीक आवाज येई. शलाकाने ते दहा वेळा दाबलं. आई पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. सातव्या आवाजाला तिने डोळे मिटले. अण्णा तोंड पुसत आले, म्हणाले, “काय गं दोघी, गाडी चुकल्यासारख्या बसलाय?” ते आडवे झाले.

पहाटे पाच चाळीसला दिवा हिरवा झाला.

शलाका भिंतीला टेकून उभी होती. हिरव्याचा अर्थ तिला पाठ होता: कोडं सुटलं, पास मिळाला, वेळ जुळली, स्क्रिप्ट उतरली. आता पहिली ओळ, भगवान केशव खराडे, वय सत्त्याहत्तर. आता घर. आता वत्सला, बायको. आता शलाका, मुलगी, मिरजेला असते. आता.

अण्णांनी डोळे उघडले. छताकडे पाहत थोडा वेळ तसेच पडून राहिले. मग उठून बसले, चष्मा लावला, दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. ते किंचाळले नाहीत, कुणाच्या अंगावर धावून गेले नाहीत. त्यांच्या खांद्यांत एक वाक आला होता, तो काल नव्हता. बरेच महिने जुना असावा असा तो दिसत होता.

“पाणी दे गं,” ते म्हणाले. प्यायले. भांडं खाली ठेवलं. “तन्याला नऊ महिने होत आले, नाही? वर्षश्राद्धाचं बघायला पाहिजे. जूनमध्ये पाऊस असतो, आयत्या वेळी गुरुजी मिळत नाहीत. आधीच सांगून ठेवू.”

आई चहाचा कप हातात धरून दारात उभी होती. तिने कप सावकाश टेबलावर ठेवला, बशीचा आवाजही होऊ दिला नाही. मग ती जिथे होती तिथेच खाली बसली आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तसला आवाज शलाकाने जूनमध्येही ऐकला नव्हता. जूनमध्ये आई हॉलमधल्या माणसांना चहा देत होती, अण्णांना धरून ठेवत होती, फॉर्मवर सह्या करत होती.

“अगं! काय झालं? कुणी काही बोललं का तुला?” अण्णा घाईने उठले, तिच्याशेजारी जमिनीवर टेकले, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागले. मग वर पाहून त्यांनी शलाकाला विचारलं, आणि त्यांच्या आवाजात खरोखरचं आश्चर्य होतं, “इतके दिवस झाले, आणि आज हिला एकदम काय झालं?”

अण्णांच्या ओळीचं वय त्या सकाळी दोनशे साठ होतं. आईची ओळ आज पहिल्यांदाच चालली होती.

शलाकाला वाटलं होतं, आता आपल्यालाही रडता येईल. ती गॅस बंद करायला आत गेली. दूध उतू गेलं होतं. तिने ओटा पुसला, फडकं पिळलं, पुन्हा पुसला.

*

पुढचे काही दिवस हिरवा दिवा लागत राहिला. शलाका रोज सकाळी कामावर आली की आधी डबी क्रमांक ४१७ उघडून पाही. ते नियमाविरुद्ध होतं. मुजावरांना ते दिसत असणार, पण ते काही म्हणाले नाहीत.

मार्चच्या मध्यावर एका सकाळी तिथे लिहिलेलं होतं: प्रवेश नामंजूर. वेळेत तफावत, दहा मिनिटं. उरलेले प्रवेश: दोनशे एकोणपन्नास.

दुसऱ्या दिवशी दोनशे अठ्ठेचाळीस.

तिने घरी फोन केला नाही. डबी तिला आतून बाहेरून ठाऊक होती. ओळख पटली की डबी नवी स्क्रिप्ट जुनीच्या जागेवर लिहिते. दोन्ही ठेवण्याइतकी जागा तिच्यात नसते, कुणी ठेवलेलीच नाही. चार मार्चच्या पहाटे हिरवा दिवा लागला त्याच मिनिटाला एकोणतीस जूनची स्क्रिप्ट पुसली गेली होती. आता घड्याळ कितीही पुढे केलं तरी वाजणार ती शेवटी आलेली, ‘तन्मय गेला’ ही ओळ असलेलीच. सर्व्हरपर्यंत पोचत नाही तोवर तिचं वयही वाढणार नव्हतं. अण्णा रोज सकाळी त्याच एका दिवसाएवढ्या जुन्या दुःखात उठत असतील आणि वर्षश्राद्धाच्या गुरुजींबद्दल बोलत असतील. महिन्या-दोन महिन्यांनी कधीतरी जाऊन आपणच दहा वेळा बटण दाबायचं, म्हणजे अडीचशे संपणार नाहीत, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

सहाव्या दिवशी, आकडा दोनशे चव्वेचाळीसवर आला तेव्हा, फोन वाजला.

“शलू, कामात आहेस का?”

“नाही, बोल आई.”

“एक विचारायचं होतं. रागावू नकोस.” मागे अण्णांचा आवाज येत होता, कुणाला तरी गाडीची वेळ सांगत होते. “घड्याळ मी पुन्हा मागे घेत नाहीये. सहा दिवस झाले. पण हे अजून तन्याचं काही विचारत नाहीत गं. नुसतं श्राद्धाचं बोलतात. मी आपली रोज चहा घेऊन उभी राहते.”

शलाका पडद्याकडे पाहत होती. दोनशे चव्वेचाळीस.

“जुनं परत यायला थोडे दिवस लागतात का? पाडवा तोंडावर आला. चैत्र लागायच्या आत आलं तर बरं झालं असतं.”

या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं होतं. ते शलाकाइतकं नेमकं दुसऱ्या कुणालाही देता आलं नसतं. तिने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“हो,” ती म्हणाली. “लागतात थोडे दिवस.”